तिसऱ्या कपाची बरकत

आदिस अबाबात कॉफी दोन तऱ्हांनी मिळते. पियासा भागात १९५३पासून चालू असलेल्या ‘तोमोका’त इटालियन पद्धतीच्या यंत्रातून कडक कॉफी निघते, माणसं उंच टेबलाशी उभी राहून ती पितात आणि आपापल्या कामाला जातात. दुसरी तऱ्हा त्याच शहरात जागोजागी रस्त्याच्या कडेला दिसते. ताडपत्रीची सावली, खाली पसरलेलं हिरवं गवत, कोळशाची शेगडी, तिच्यावर लांब मानेचं काळं मातीचं भांडं आणि बुटक्या टेबलावर ओळीनं मांडलेले बिनकानाचे इवलेसे कप. पांढरा सुती पोशाख केलेली बाई निखाऱ्यावर धूप टाकते, गिऱ्हाईक स्टुलावर टेकतं आणि शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलणं ओघानंच सुरू होतं. कॉफीला इथं ‘बुना’ म्हणतात, भांड्याला ‘जेबेना’ आणि कपाला ‘सिनी’. हे तीन शब्द पाहुण्याला पहिल्याच दिवशी येतात.

पण बुनाची खरी जागा घर, असं माझा धाकटा भाऊ फोनवर कायम सांगायचा. तो जिम्म्याच्या विद्यापीठात शिकवतो. इथिओपियातल्या विद्यापीठांत भारतीय प्राध्यापक बरेच आहेत, त्यातला हा एक. “ताई, येशील तेव्हा आईला घेऊन ये,” तो म्हणायचा. “घरात वडीलधारं माणूस आलंय म्हटलं की सगळी आळी बुनाला बोलावते.” म्हणून डिसेंबरात आई आणि मी मुंबईहून थेट विमानानं आदिसला गेलो आणि तिथून गाडीनं जिम्म्याला.

जिम्मा आदिसच्या नैर्ऋत्येला साडेतीनशे किलोमीटरवर. सुरुवातीला पठार लागतं. तेफ नावाच्या बारीक धान्याची कापणी झालेली होती आणि शेतांत सोनेरी गंज्या उभ्या होत्या. मग रस्ता वळणं घेत गिबे नदीच्या खोऱ्यात उतरतो. खाली ऊन चटका देतं, आणि पलीकडच्या चढाला लागलं की हवा पुन्हा गार होते, झाडी दाट होते. त्या झाडीच्या सावलीत कॉफीची रोपटी दिसू लागतात. तोडणीचे दिवस होते. घराघरापुढं बांबूच्या मांडवांवर कॉफीची फळं वाळत घातलेली. नुकती तोडलेली लालभडक, जुनी झालेली काळपट. बायका आणि पोरं ती हातानं खालीवर करत होती. गाडीच्या उघड्या काचेतून आंबूस-गोड वास येत होता.

बुनाचं आमंत्रण दुसऱ्याच दिवशी आलं. भावाच्या घरमालकीणबाईंनी आम्हाला नऊ वाजता बोलावलं होतं. इथिओपियात दिवस सूर्योदयाला सुरू होतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्या हिशेबानं नऊ म्हणजे दुपारचे तीन. भावानं आईला दोन गोष्टी नीट समजावल्या. “आई, पहिला कप झाला म्हणून उठायचं नाही. तीन कप होतात, तिसरा झाल्याशिवाय कुणी उठत नाही. आणि घाई दाखवायची नाही. त्यांना वाटतं, आपलं काही चुकलं.”

आवार एक आणि घरं चार, असा तो वाडा. घरमालक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, डावीकडचं कुटुंब ओरोमो समाजातलं मुसलमान, समोर एक शिक्षिका तिच्या दोन मुलांबरोबर. बैठकीच्या खोलीत ताजं गवत पसरलं होतं. चालताना ते पायाखाली थंड लागायचं. बसायला जिम्म्याची ओळख असलेली तीन पायांची कोरीव लाकडी स्टुलं. आईच्या गुडघ्यांचा विचार करून तिच्यासाठी मात्र खुर्ची आणली आणि ती घरातल्या आजीबाईंच्या शेजारी मांडली. आजीबाईंना सगळे आदरानं ‘एमामा’ म्हणत होते. आम्हीही तेच म्हणू लागलो.

बुना करायला बसली होती घरची मुलगी. वीस-एकवीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी. काठाला रंगीत विणकाम असलेला पांढरा पोशाख, खांद्यावर पातळ ओढणी. तिनं आधी हिरव्या बिया पाण्यात घालून हातानं चोळल्या. सालपट वर आलं तसं पाणी ओतून दिलं. दोन-तीनदा हेच. मग त्या ओल्या बिया शेगडीवरच्या पसरट लोखंडी तव्यात टाकल्या आणि वाकड्या टोकाच्या सळईनं ती त्या सतत फिरवत राहिली. बिया आधी पिवळ्या पडल्या, मग तांबूस झाल्या, मग तडतडायला लागल्या. पुढं त्यांच्या अंगातून तेल सुटून त्या काळ्या चकचकीत झाल्या आणि धूर निघाला. त्याच क्षणी ती तवा घेऊन उठली आणि एकेका पाहुण्यापुढं नेऊ लागली. माणसं ओंजळीनं धूर स्वतःकडं ओढून घेत, डोळे मिटून वास घेत आणि तिला दोन शब्द कौतुकाचे बोलत. तवा आईपुढं आला. आरती घ्यावी तसे तिचे हात आपोआप पुढं झाले. एमामांनी ते पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

तवा फिरवण्यात नुसता उपचार नाही. पाकिटातली पूड पाण्यात घातली तर ती कधीची, कुठली, कुणी भाजली, हे पिणाऱ्याला कळत नाही. इथं हिरव्या बीपासून शेवटच्या घोटापर्यंत सगळं पाहुण्याच्या डोळ्यांदेखत होतं. आधी करून ठेवलेलं काहीच नसतं. यजमान जे देतो त्यात कॉफी थोडी असते. उरलेला भाग त्याचा वेळ असतो, आणि तो पाहुण्याला समोर दिसत असतो.

भाजलेल्या बिया लाकडी उखळात गेल्या. लोखंडी मुसळाचे घाव एका लयीत पडू लागले, तसं शेजारचं कुटुंब आत आलं. “तुम्ही आता बोलावलंत?” असं मी भावाकडून विचारवलं, तर मुलगी म्हणाली, “मुसळाचा आवाज हेच बोलावणं.” जेबेनात पाणी उकळत होतं. मानेच्या अरुंद तोंडातून तिनं पूड चिमटीचिमटीनं आत सोडली, उकळी आली तसं भांडं उतरवून गवताच्या चुंबळीवर तिरकं टेकवलं. गाळ तळाशी बसेपर्यंत थांबायचं. तेवढ्या वेळात मक्याच्या लाह्या आल्या आणि ‘कोलो’ आलं, म्हणजे भाजलेले जव आणि शेंगदाणे. मातीच्या धुपाटण्यात धुपाचे खडे पडले. हा धूप उत्तर इथिओपियातल्या एका झाडाचा डिंक आहे. मेळघाटात आणि सातपुड्यात वाढणारी आपली सालई त्याच झाडाच्या कुळातली.

मग ओतणं. टेबलावर कप एकमेकांना खेटून मांडलेले. मुलीनं जेबेना हातभर उंच धरला आणि काळी बारीक धार पहिल्या कपात सोडली. ती धार न तुटता दुसऱ्यात, तिसऱ्यात, अशी शेवटच्या कपापर्यंत गेली. टेबलावर थेंब सांडला नाही आणि कपात गाळ उतरला नाही. पहिला कप एमामांना, दुसरा आईला, पुढं वयाप्रमाणं. दूध नाही. शहरात भरपूर साखर घालतात. आवडत असेल त्याच्या कपात ‘तेना अदाम’ची, म्हणजे सताप नावाच्या वनस्पतीची, हिरवी काडी बुडवतात आणि तिचा उग्र वास कॉफीत मिसळतो.

पहिल्या फेरीला ‘अबोल’ म्हणतात. ही कॉफी दाट, जिभेवर रेंगाळणारी. या फेरीतलं बोलणं रीतीचं असतं. प्रवास कसा झाला, घरी कोण कोण आहे, पाऊस कसा आहे. भाऊ मोडक्यातोडक्या अम्हारिकमध्ये इकडचं तिकडं करत होता. आम्ही कुठले, हे विचारल्यावर मी छत्रपती संभाजीनगर सांगितलं आणि हेही सांगितलं की, हे शहर आधी खडकी या नावानं १६१०मध्ये वसवलं ते मलिक अंबरनं आणि तो इथिओपियात जन्मलेला होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला तो मुलगा समुद्र ओलांडून दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा वजीर झाला, मुघलांशी वर्षानुवर्षं झुंजला आणि त्यानं डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणलं. खोलीत एकदम शांतता झाली. समोरच्या शिक्षिकेनं नाव दोनदा विचारून वहीत लिहून घेतलं. आजोबा, म्हणजे एमामांचे यजमान, म्हणाले, “आमचा माणूस तुमच्याकडे गेला. तुमचा माणूस आमच्याकडे आला होता. त्यानं आम्हाला भूमिती शिकवली.” सम्राट हेले सेलासींच्या काळात भारतातून मोठ्या संख्येनं शिक्षक इथिओपियात आले होते. आजोबांच्या शाळेत केरळचे एक मास्तर होते. त्यांच्याबद्दल बोलताना आजोबा स्टुलावर ताठ बसले होते.

दुसऱ्या फेरीसाठी नवी पूड घालत नाहीत. त्याच गाळावर पाणी ओतून जेबेना पुन्हा शेगडीवर चढतो. ही फेरी ‘तोना’. कॉफी मवाळ होते आणि विषय घरात शिरतात. कॉफीच्या फळाला यंदा काय भाव मिळाला, आखातात कामाला गेलेल्या मुलीचा फोन कधी आला, ‘इदिर’चे पैसे कुणाचे राहिले. इदिर म्हणजे वस्तीतल्या लोकांचं मंडळ. दर महिन्याला थोडे पैसे जमा करायचे आणि कुणाच्या घरी मयत झालं की तंबू, भांडी, जेवण, खर्च सगळं मंडळानं उचलायचं. ‘इकुब’ही असतं, ती अगदी आपली भिशीच. हे सारे व्यवहार बुनाच्या बैठकीत ठरतात. शेजारच्या दोन घरांत पाण्याच्या नळावरून काही धुसफूस चालू होती, तीही त्या दिवशी दुसऱ्या कपाबरोबर निघाली. दोन्ही बाजूंनी बोलून घेतलं. आजोबांनी पाळी ठरवून दिली. कुणी आवाज चढवला नाही, कारण अजून एक कप यायचा होता आणि तोवर कुणालाच उठून जाता येणार नव्हतं.

तीन कपांचा नियम मला त्या वेळी खऱ्या अर्थानं उमगला. मनातलं बोलायला माणसाला वेळ लागतो. पहिल्या कपात ते निघत नाही, आणि निघालंच तर अर्धवट राहतं. म्हणून इथल्या लोकांनी उठायची वेळ पाहुण्याच्या मर्जीवर ठेवलेली नाही. ती जेबेनाच्या हाती दिली आहे. कॉफी पातळ होत जाते आणि बोलणं दाट होत जातं.

मुलीला मी विचारलं, “रोज एवढं करून दमत नाहीस?” तास-दीड तास शेगडीच्या धगीपुढं बसायचं, पुन्हा कॉलेज, पुन्हा घरकाम. हे काम पिढ्यान् पिढ्या बायकांनीच केलं आहे. कित्येक घरांत दिवसातून तीनदा. तिनं सरळ उत्तर दिलं. परीक्षेच्या दिवसांत नको होतं. तेव्हा तिची आई बसते. शहरातल्या मैत्रिणींकडं आता फक्त रविवारी होतं. तिचा भाऊ कधी बसत नाही, त्यानंही बसायला पाहिजे. “पण ज्या आठवड्यात बुना होत नाही,” ती म्हणाली, “त्या आठवड्यात वाड्यात कोण आजारी आहे हेही कळत नाही.” त्या हातांचे कष्ट बोलून दाखवल्याशिवाय या रिवाजाचं कौतुक मला अपुरं वाटतं. दुसऱ्याला निवांतपणा देणारी ती मुलगी त्या खोलीत एकटीच काम करत होती, आणि बैठकीचा मान सगळ्यात आधी तिचा आहे.

तिसरी फेरी ‘बरका’. आता जेबेनातून येणारी कॉफी फिकट, चहाच्या रंगाची. चवीचा शोध घेणारा माणूस ती कदाचित सोडून देईल. पण मान सगळ्यात मोठा तो याच कपाचा. एमामा उभ्या राहिल्या, इतरांनी तळवे वर केले. पाऊस वेळेवर पडो, परगावी गेलेली मुलं सुखरूप घरी येवोत, आजाऱ्याला उतार पडो, पाहुण्यांचा रस्ता निर्धोक असो. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं, ख्रिस्ती घरानं आणि मुसलमान घरानंही. भावानं अर्थ सांगितला तेव्हा आईनं हात जोडले आणि मराठीत म्हटलं, “तुमचं घर असंच भरलेलं राहू दे.” भावाला भाषांतर करावं लागलं नाही, त्याआधीच ‘आमेन’ आलं.

दोन धर्मांनी एका जेबेनातून पिणं ही इथं फार जुनी गोष्ट नाही. ऑर्थोडॉक्स चर्च शतकानुशतकं कॉफीला परकी मानायचं. ते मुसलमानांचं आणि ओरोमोंचं पेय होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा निर्बंध सैल होत गेला आणि सम्राट दुसरे मेनेलिक स्वतः कॉफी पिऊ लागले. शंभर-सव्वाशे वर्षांत दारं इतकी उघडली की, आज कोणत्या घरची रीत कुणाकडून आली हे वाड्यातल्या कुणाला आठवतही नाही. नाताळाआधीचा लांबलचक उपवास तेव्हा चालू होता. इथला नाताळ ७ जानेवारीला असतो. त्या दिवसांत मांस, दूध, अंडं काहीच चालत नाही. त्यामुळं बुनानंतर जेवायला इंजेरा, म्हणजे तेफच्या पिठाची आंबूस पोळी, मसूर, कोबी आणि डाळीच्या पिठाचं झणझणीत शिरो आलं आणि आईनं ते निर्धास्तपणे पोटभर खाल्लं.

पुढच्या आठवड्यात भाऊ आम्हाला बोंगाला घेऊन गेला. जिम्म्याहून शंभरएक किलोमीटर, गोजेब नदी ओलांडून. हा काफाचा मुलूख. १८९७पर्यंत इथं काफाचं स्वतंत्र राज्य होतं. मग मेनेलिकनं ते जिंकून साम्राज्यात घेतलं. अरेबिका कॉफीचं मूळ घर म्हणजे नैर्ऋत्य इथिओपियातली ही डोंगरी जंगलं. शेळ्या नाचताना पाहून कॉफी शोधणाऱ्या गुराख्याची गोष्ट जगभर सांगतात, पण ती लिहून ठेवली गेली १६७१मध्ये, रोममध्ये. काफातल्या माणसाला गोष्टीची गरज नाही. तो तुम्हाला सरळ जंगलात नेतो. उंच झाडांच्या छायेत, शेवाळलेल्या खोडांमध्ये, माणसानं न लावलेली कॉफीची झाडं. बागेतल्या झाडासारखी भरगच्च नाहीत. सडपातळ, उजेडाकडं वाकलेली, फांदीला मोजकीच लाल फळं. इथली बी येमेनला गेली. येमेनहून सूफी संत बाबा बुदन यांनी ती चिकमंगळूरच्या डोंगरात आणल्याचं आपल्याकडे सांगतात. जगभर पसरलेली अरेबिका येमेनमधून गेलेल्या थोड्याशाच बियांची संतती आहे. वाणांची खरी श्रीमंती अजून या जंगलांत आहे. २०१०मध्ये युनेस्कोनं काफाला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली, तरी तोड थांबलेली नाही आणि तापमान वाढतंच आहे. जंगली अरेबिका आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदली गेली आहे. सकाळी उठून पहिला घोट कॉफीचा घेणाऱ्या प्रत्येकाचा या झाडांशी संबंध आहे, आणि तो त्याला ठाऊक असायला हवा.

जंगल दाखवणाऱ्या शेतकऱ्यानं परतताना घरी नेलं. मातीच्या भिंती, आत चूल, तोच काळा जेबेना. इथं साखरेऐवजी मीठ होतं. बिया त्याच्याच आवारातल्या. चांगली फळं सोसायटीला विकून झाली होती, पण घरासाठी एक पोतं आधीच बाजूला काढलेलं होतं. ते विकलं असतं तर हाती चार पैसे जास्त आले असते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. “मग शेजारी आले तर काय देऊ?” एवढंच तो म्हणाला. आम्ही तिन्ही कप घेतले.

इथिओपिया हा आफ्रिकेतला सगळ्यात मोठा कॉफी उत्पादक देश. परकीय चलन मिळवून देणाऱ्या त्याच्या प्रमुख निर्यातमालांपैकी एक कॉफी, आणि त्या चलनाची त्याला सदैव निकड असते. तरीही पिकाची सुमारे निम्मी कॉफी तो देशातच पितो. कॉफी पिकवणारे कितीतरी देश आपलं बहुतेक पीक परदेशी पाठवतात. अर्थशास्त्राची आकडेमोड करणाऱ्याला यात तोटा दिसेल. मला यात शहाणपण दिसतं. त्या निम्म्या पिकावर वाड्यातली भांडणं मिटतात, मयताला खांदा मिळतो, दोन धर्मांची माणसं एका आशीर्वादाला ‘आमेन’ म्हणतात. बाजारभावानं हे विकत घ्यायचं म्हटलं, तर कुठल्याही तिजोरीला परवडणार नाही.

इथिओपियाला जाणाऱ्याला लालिबेलाची कोरीव चर्चं आणि सिमियनचे डोंगर कुणीही सुचवेल. तीही जरूर पाहावीत. मी एवढंच सांगेन की, प्रवासातली एक दुपार पूर्ण मोकळी ठेवा. कुणी ‘बुना’ म्हणून बोलावलं तर हो म्हणा, भाजणाऱ्या हातांचं तोंड भरून कौतुक करा आणि तिसरा कप झाल्याशिवाय उठू नका.